पाहुणा बोलवण्याआधी

(विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी ज्येष्ठ नागरिक संघांच्या मेळाव्यात झालेलं व्याख्यान; संपादित)

मंडळी, परिचय अर्ध्यातच थांबवायला लावला म्हणून अध्यक्षांनी रागावू नये. मी कोणत्या खात्यात काय होतो, हे ऐकायला तुम्ही ऑटोत दाटीवाटीनं बसून आलेले नाही. संघात व्याख्यानाला कोणाला बोलवायचं आणि कसं, हा आजचा विषय. त्यावरच बोलतो.

आपल्याकडे बहुतेक वेळा पाहुणा आधी ठरतो, विषय मागाहून. मोठ्या पदावरचा माणूस गाठायचा, तारीख घ्यायची, मग त्यांना विचारायचं, ‘साहेब, कशावर बोलता?’ साहेब म्हणतात, ‘आनंदी वार्धक्य.’ मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. साहेब माईकपाशी येईस्तोवर मागची रांग लघवीला उठलेली असते. आनंदी राहा, हे सांगायला नागपूरवरून माणूस कशाला आणायचा, हे मला अजून उमगलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की आधी शंका गोळा करा, मग त्या सोडवणारा माणूस शोधा. सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर गुरुदेव सेवा मंडळात दहा-पाच जण बसलेलेच असतात. तिथं विचारा, ‘सध्या घोर कशाचा लागला?’ उत्तरं ऐकून थक्क व्हाल. एका गावात एक म्हातारबा म्हणाले, ‘ते समदं जाऊ द्या भाऊ. पोट्टं म्हणते वावर माह्या नावानं करून दे. करू का नोको करू, थे सांगा.’

आता यांना आनंदी वार्धक्य काय कामाचं? यांना वकील पाहिजे. तोही भाषण ठोकणारा नाही, तर बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांतला फरक समोर कागद धरून सांगणारा. मृत्युपत्र जिवंत आहात तोवर कितीदाही बदलता येतं. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. पण दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेतच. बक्षीसपत्राची गोष्ट वेगळी. ते नोंदवलं की वावर त्याच घडीला दुसऱ्याचं. २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात २३ वं कलम आहे. ‘मला सांभाळशील, खाणंपिणं-दवाखाना पाहशील’ या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे पोरानं हात झटकले, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. पण अट कागदावर लिहिलेली बरी. सही करताना बाप म्हणतो, ‘पोटच्या पोराले काय अट घालू?’ आणि तिथंच फसतो. हे न्यायाधिकरण म्हणजे आपले उपविभागीय अधिकारी. याच कायद्यात महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. मूलबाळ नसेल, तर ज्याला तुमची इस्टेट मिळणार आहे त्या नातेवाइकावरही सांभाळण्याची जबाबदारी येते. एका गावी मी हे सांगितलं तेव्हा बायांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली. निपुत्रिक विधवा प्रत्येक गावात असतात, सभेत त्या बोलत मात्र नाहीत. म्हणून बायांच्या शंका बाईनंच वेगळ्या विचारून आणाव्या.

डॉक्टरांचंही तसंच. मधुमेह म्हणजे काय, यावर तासभर ऐकण्यापेक्षा प्रत्येकानं घरच्या गोळ्यांची पिशवी घेऊन यावं आणि डॉक्टरांनी ती सतरंजीवर ओतावी. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावानं दोन दवाखान्यांनी दिलेलं असतं आणि माणूस दोन्ही इमानानं घेत असतो. गुडघ्यासाठीची दुखण्याची गोळी वर्षानुवर्षं चालू राहते, तिचा त्रास किडनीला होतो. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. असे डॉक्टर आपल्याला लांब नाहीत, फक्त भाषण मागू नका, काम मागा. मोबाइलवरच्या फसवणुकीसाठी ठाण्यातल्या जमादाराला बोलवा. व्हिडिओ कॉलवर कोणी अटक करत नसतं आणि पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावायचा, एवढं त्यानं सांगितलं तरी पुरे.

ऐकू येण्याचं सांगतो, कारण याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. वयानं कान जातात तेव्हा बारीक, उंच सूर आधी जातात. स, श, त, फ ही अक्षरं निसटतात. आवाज कानावर पडतो, शब्द पडत नाही. म्हणून ओरडून उपयोग नाही. हळू बोलावं, तोंड समोर ठेवावं, उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर असावा. आपला डेकोरेशनवाला साउंडला ‘इको’ लावतो. त्याला वाटतं भारदस्त वाटते. टिनाच्या शेडमध्ये त्या इकोचं नुसतं डफडं होतं. तो आधी बंद करायला लावा. आणि पंचवीस मिनिटांवर बोलू देऊ नका. उरलेला वेळ शंकांचा.

विचारत विचारत बोलण्याची रीत आपल्या मातीतलीच आहे. गाडगेबाबा अंजनगाव सुर्जीकडच्या शेंडगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या माणसांना सवाल. कर्ज काढून सण का करता, नवसाला बकरं का मारता, पोराला शाळेत का घालत नाही? माणसं उत्तर देता देता स्वतःच पटवून घेत. एवढी परंपरा असताना आपण मात्र माना डोलावत बसतो.

वेळेबद्दल थोडं. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कार्यक्रम ठेवाल, तर रिकाम्या खुर्च्यांना व्याख्यान द्यावं लागेल. आपल्याकडे सत्तरीचा माणूसही वावरात असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा दुपारी चारला ज्येष्ठांना बोलवणं हा सरळ गुन्हा आहे. ऊन उतरल्यावर, नाहीतर सकाळी साडेसहाला.

आणि दरवेळी पाहुणा बाहेरचाच कशाला? गावात जुनी दाई असते, जिनिंगमध्ये आयुष्य घातलेला माणूस असतो, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर असतो. त्यांना नुसतं ‘बोला’ म्हटलं तर लाजतील. एखाद्या नातवाला त्यांच्यासमोर प्रश्न विचारायला बसवा.

खर्चाचं म्हणाल, तर शालीचे पैसे वाचवून पाहुण्याला येण्याजाण्याचं भाडं द्या, मागायची पाळी आणू नका. माझं मात्र देऊ नका. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, आणि सहाची गाडी मला पकडायची आहे. तोवर अर्धा तास आहे. बोला, त्या मागच्या बाई मघापासून हात वर करून आहेत.