बिनेचे खेळ कुठे गेले?

[दृश्य : लाकडी फळी, दहा खाचा. लहान मुलाचे दोन हात.]

चांदणी बसली. गोलही बसला. षटकोन मात्र चौकोनाच्या खाचेत जात नाही. फिरवून पाहिला, दाबून पाहिला. मग स्वतःच बाजूला ठेवला, बाकीचे आकार लावले आणि शेवटी जी खाच उरली तिथे नेऊन बसवला.

ही सेगँ फॉर्मबोर्ड. समोर बसलेल्या, चाचणी घेणाऱ्या ताईंच्या हातात स्टॉपवॉच आहे. फळी तीनदा लावायची आणि सगळ्यात कमी लागलेला वेळ धरायचा.

मुलगा नऊ वर्षांचा. गाव मेळघाटातलं. घरी कोरकू बोलतात, शाळा मराठीत. शाळेने चिठ्ठी दिली आहे : वाचत नाही, लक्ष देत नाही, बुद्ध्यांक काढून आणावा. आईशी आमचं ठरलं होतं की चेहरा दाखवायचा नाही, म्हणून पूर्ण फिल्मभर तुम्हाला हातच दिसतील. आज वापरात असलेले तोंडी प्रश्नही आम्ही चित्रित केले नाहीत. प्रश्न फुटले की चाचणी निकामी होते.

शंभरएक वर्षांपूर्वीचे प्रश्न दाखवायला मात्र कुणाची हरकत नाही.

[दृश्य : काडेपेटी. काडी पेटते, उजवीकडून डावीकडे सरकते.]

पेटती काडी हलवायची आणि मुलाची नजर तिच्या मागे जाते का ते बघायचं. साल १९०५, शहर पॅरिस. जगातल्या पहिल्या उपयोगी बुद्धिमापन चाचणीतला हा पहिला प्रश्न. पुढे एक चॉकलेट आणि तेवढाच लाकडाचा तुकडा : खायचं कुठलं, ते कळतं का? पुढे माशी आणि फुलपाखरू यांत फरक काय? असे एकूण तीस प्रश्न, सोप्याकडून अवघडाकडे.

[दृश्य : पाच सारख्या डब्या. एक हात त्या उचलून तोलतो आहे.]

या डब्या दिसायला सारख्याच आहेत. वजनं ३, ६, ९, १२ आणि १५ ग्रॅम. वजनाच्या क्रमाने लावायच्या. (ही मुलगी आमच्याच कॅमेरामनची. तिने दोन डब्यांची अदलाबदल केली आणि आम्हालाच विचारलं, नक्की वजन केलंय ना?)

चाचणी करणारे दोघे. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि तरुण डॉक्टर तेओदोर सिमाँ. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं होऊन वीसएक वर्षं झाली होती. वर्गात सगळ्या प्रकारची मुलं आली आणि काही मागे पडू लागली. कोण मागे आहे हे ठरवायचं मास्तरांच्या मर्जीवर, आणि मास्तर खोडकर मुलालाही मंदबुद्धी म्हणून मोकळे व्हायचे. १९०४ मध्ये सरकारने समिती नेमली. अशा मुलांना शाळेतच वेगळी मदत द्यायची, तर आधी ती ओळखायची कशी?

[दृश्य : कापडी टेप एका छोट्या डोक्याभोवती.]

त्याआधी बिनेने हेही करून पाहिलं होतं. डोकं मोठं तर बुद्धी मोठी, असा त्या काळातल्या विद्वानांचा भरवसा. बिने टेप घेऊन शाळांमध्ये गेला. हुशार आणि मागे पडलेल्या मुलांच्या डोक्यांत फरक निघाला तो मिलिमीटरच्या हिशोबातला. त्याने मोजमाप गुंडाळलं. घरात दोन मुली होत्या, मादलेन आणि आलिस. एक सावध, एक चंचल. तेच कोडं दोघी वेगवेगळ्या वाटेने सोडवतात, हे तो त्यांच्या लहानपणापासून टिपून ठेवत होता. स्वभाव आणि बुद्धी एकमेकांपासून सोलून काढता येत नाहीत, हे त्याला प्रयोगशाळेच्या आधी जेवणाच्या टेबलावर दिसलं असणार.

१९०८ मध्ये प्रश्न वयानुसार लावले गेले. सात वर्षांच्या बहुतेक मुलांना जमतात ते सातव्या वर्षाचे. नऊ वर्षांच्या मुलाला तेवढेच जमले, तर त्याची पातळी सात. एवढंच. आकड्याच्या पलीकडे बिनेला जे म्हणायचं होतं, ते पुढे आहे.

[दृश्य : मैदान. "स्टॅच्यू!" बारा-पंधरा मुलं जागच्या जागी थिजतात. एकाचा पाय हवेत.]

हा खेळ आपल्याकडच्या प्रत्येक गल्लीत आहे. बिनेने तो मागे पडलेल्या मुलांच्या खास वर्गात अभ्यासक्रम म्हणून लावला. खूण झाली की पुतळा व्हायचं, आधी काही सेकंद, मग जास्त. पहिल्या दिवशी वर्गभर खिदळणं. हळूहळू मुलं इरेला पेटली, आणि जी क्षणभर जागेवर टिकत नसत ती न हलता उभी राहू लागली.

[दृश्य : काठोकाठ भरलेला पेला. ओसरीवरून चालणारे पाय. पाणी हलतं, सांडत नाही.]

दुसरा खेळ. काठोकाठ भरलेली भांडी एका टेबलावरून दुसऱ्यावर न्यायची, थेंबही न सांडता. आणखी एक खेळ : वस्तू काही सेकंद दाखवायच्या, झाकायच्या, आठवतील तेवढ्या सांगायच्या. या सगळ्याला तो मनाचा व्यायाम मानायचा. गणित आणि व्याकरणाच्या आधी मुलांना लक्ष द्यायला, थांबायला, ऐकायला शिकवावं लागतं, असं त्याचं म्हणणं. बुद्धी जन्मतः ठरलेली, तिच्यात भर पडत नाही, असं म्हणणाऱ्यांवर तो १९०९ च्या पुस्तकात चिडलेला दिसतो. दोन वर्षांनी तो गेला. वय ५४.

चाचणी जगभर गेली. खेळ पॅरिसमध्ये राहिले.

[दृश्य : कागद, पेन्सिल. भागाकार.]

जर्मनीत विल्यम स्टर्नने १९१२ मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुइस टर्मनने १९१६ मध्ये त्याला शंभराने गुणलं. बुद्ध्यांक तयार. मग अमेरिकेत याच आकड्यांच्या जोरावर बंदरावर उतरलेले लोक परत पाठवले गेले, आणि मंदबुद्धी ठरवलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये मान्यता दिली.

[दृश्य : जुनी पेटी उघडते. चित्रांचे पत्ते, मणी, ठोकळे.]

आपल्याकडे ही चाचणी मराठीत आणली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी, १९३० च्या दशकात. तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या मराठी आणि कानडी मुलांवर त्यांनी प्रश्न पुन्हा बसवले. भाषांतर करून भागत नव्हतं. इंग्रजीत सोपा असलेला प्रश्न मराठीत अवघड होतो, आणि उलटही. ही बिने-कामत चाचणी आजही बालमार्गदर्शन केंद्रांत वापरतात. १९६९ मध्ये नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्स्लरची बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली. ताईंच्या कपाटात दोन्ही पेट्या आहेत. कोरकूतली एकही नाही.

म्हणून आधी फळी. तिला भाषा लागत नाही. सेगँ हा बिनेच्याही आधीचा फ्रेंच डॉक्टर. बुद्धीने मागे राहिलेल्या मुलांना शिकवण्यात त्याने हयात घालवली. त्याच्या साधनांवरून माँटेसोरीबाईंनी आपली साधनं घडवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत ती पद्धत बिया, शंख-शिंपले आणि पानांवर आणली. एकाच घराण्यातल्या ठोकळ्यांनी बालवाडीत मूल शिकतं आणि केंद्रात त्याची परीक्षा होते.

[दृश्य : सतरंजी. हात थांबले आहेत. बोटं सदऱ्याच्या गुंडीशी.]

फळीनंतर तोंडी चाचणी. चौथ्या प्रश्नानंतर ताईंनी पेटी बंद केली. "चल, बाहेर जाऊन पाणी पिऊन येऊ." घाबरलेल्या मुलाचं उत्तर हे भीतीचं उत्तर असतं. भूक, झोप, अनोळखी खोली, सगळं आकड्यात उतरतं. उरलेली चाचणी दुसऱ्या दिवशी झाली. आईला दुभाषा म्हणून बसवलं नाही, कारण आई मुलाच्या वतीने उत्तरं देते. गावातली अंगणवाडी सेविका आली होती.

[दृश्य : ताईंचा हात, हिशोब.]

बिने-कामतमध्ये हिशोब महिन्यांत होतो. ज्या वयाचे सगळे प्रश्न सुटले ते पायाभूत वय. त्यापुढच्या प्रत्येक बरोबर उत्तराला ठरावीक महिने मिळतात. मानसिक वय ८४ महिने. खरं वय १०८. भागा, शंभराने गुणा : ७८.

१०० म्हणजे सरासरी, आणि ८५ ते ११५ च्या दरम्यान साधारण दोन तृतीयांश माणसं येतात. ७८ त्या पट्ट्याच्या खाली आहे, पण बौद्धिक अक्षमतेची रेषा सत्तरच्या आसपास धरतात, तिच्या वर. म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही. अध्ययन अक्षमतेच्या (बुद्धी ठीक, पण वाचन-लेखन किंवा गणित अडतं) सवलतीसाठी बुद्ध्यांक सरासरीजवळ लागतो, तेही अवघड. अशी मुलं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. त्यातही हे ७८ मराठीत विचारलेल्या प्रश्नांचे आहेत. ताईंनी ते अहवालात लिहिलं आणि खाली रेघ ओढली. फळीवरचा त्याचा वेळ वयाच्या मानाने ठीक होता.

[दृश्य : अहवाल. पान उलटतं.]

छापील नमुन्यात आकड्याला चौकट आहे. शिफारशींना दोन ओळी. ताई मागच्या कोऱ्या बाजूला लिहितात : रोज दहा मिनिटं कोरकूत गोष्ट, नंतर तीच मराठीत. वाचनासाठी मोठी अक्षरं. वर्गात पुढे बसवणे. खेळ : पुतळा, भरलेला पेला, लपवलेल्या वस्तू.

"हे बिनेचं आहे म्हणून लिहीत नाही," ताई म्हणाल्या. "याला पैसे लागत नाहीत म्हणून लिहिते."

शाळेने दर्शनी बाजूची झेरॉक्स घेतली. मागची बाजू आईने अंगणवाडी सेविकेकडून वाचून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला तो पेल्याचा : स्टीलचा चालेल का? चालेल. सहा महिन्यांनी पुन्हा यायचं आहे, आणि तेव्हा आकडा नाही काढायचा, फक्त मुलाकडून वाचून घ्यायचं.