पट्टा, दोन पाने आणि मक्याचं कणीस

मेंढरांचा कळप धावतोय. पुढच्याच शॉटमध्ये भुयारी रेल्वेच्या जिन्यावरून कामाला निघालेल्या माणसांची दाटी. कळपाकडे पुन्हा एकदा नीट बघा. पांढऱ्या मेंढरांत एकच काळं आहे. चार्ली चॅप्लिनच्या १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स' या सिनेमातला कामगार चार्ली आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो इथे.

सप्टेंबर १९३१ मध्ये चॅप्लिन लंडनला महात्मा गांधींना भेटला होता. यंत्रामुळे माणसाचे कष्ट कमी होतील, त्याला मोकळा वेळ मिळेल, मग विरोध का? असा त्याचा प्रश्न होता. यंत्रांनी आम्हाला इंग्लंडवर अवलंबून केलं, असं गांधीजींनी सांगितलं. हा मोकळा वेळ नेमका कोणाच्या वाट्याला येतो, ते सिनेमात कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावर दिसतं.

चार्लीकडे नट पिळायचे दोन पाने आणि एकच काम. पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या प्रत्येक पट्टीवर दोन नट. दोन्ही हातांनी एकदम पिळायचे. काखेत खाज सुटते आणि पट्टी हुकते. ती गाठायला तो शेजाऱ्याच्या जागेत घुसतो, मग शेजाऱ्याचं काम अडतं, मग त्याच्या पुढच्याचं. एका खाजेपायी अख्खी लाइन तुंबते!

यात कॅमेऱ्याचा हिशेबही आहे. बराचसा सिनेमा सेकंदाला १८ फ्रेमने चित्रित केला आणि २४ ने दाखवला. त्यामुळे प्रत्येक हालचाल एक तृतीयांशाने वेगवान होते. पट्टा थांबला तरी चार्लीच्या हातांचे झटके थांबत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत सूप सांडतं ते याच झटक्यांनी.

मालकाला ती सुट्टीही खुपते. मग जेवण भरवणारं यंत्र येतं. त्याचा विक्रेता स्वतः गप्प उभा राहतो आणि ग्रामोफोनची तबकडी बोलते. या कारखान्यात माणसाचा आवाज ऐकू येतो तो फक्त यंत्रातून. मालकाचा हुकूमसुद्धा भिंतीवरच्या पडद्यावरून येतो.

आता यंत्राची रचना बघा. गोल फिरणारं टेबल, आपोआप कलणारी सूपची वाटी, घास तोंडात ढकलणारा दांडा, मक्याचं कणीस फिरवणारी सळई आणि तोंड पुसायचा बोळा. चार्ली आत जखडलेला, त्यामुळे अभिनयाला उरतात डोळे आणि गाल. आधी सळई बिघडते. कणीस गरगरत दातांवर आपटतं. दुरुस्ती करणारा दोन नट ताटलीत विसरतो, आणि दांडा इमानेइतबारे तेही भरवतो. सूप अंगावर येतं. बोळा मात्र मधूनमधून अलगद येऊन ओठ टिपून जातो. इतक्या मारामारीत ही एवढी हळुवार शिस्त! सगळ्यात जास्त हसू येतं ते तिथेच, आणि पोटात कालवतं तेही तिथेच. शेवटी तो बोळाही थपडा मारू लागतो.

मालक यंत्र नाकारतो, कारण ते व्यवहार्य नाही. चार्लीला लागलं का, हे कोणी विचारत नाही. जेवणानंतर पट्टा पुन्हा सुरू होतो, वेग आणखी वाढवून.