वायफाय फुल, नेट गूल

यावलकडचं एक गाव, दुपारचे दोन वाजलेत, ऊन मी म्हणतंय, आणि ओट्यावर बसलेले मामा मोबाईल हलवून हलवून बघतायत. "भो, वायफाय तर फुल दाखवतंय, मग व्हिडिओ काऊन फिरी राह्यला?"

मामांचं काही चुकलं नाही, आपण सगळेच वायफायला नेट म्हणतो. पण वायफाय म्हणजे फक्त राउटर ते मोबाईल, एवढाच हवेतला रस्ता. नेट येतं फायबरमधून, केसाएवढ्या बारीक काचेच्या धाग्यातून, उजेड होऊन. म्हणजे फुल सिग्नल एवढंच सांगतो की राउटर जवळ आहे, त्याच्या पलीकडे नेट आहे की नाही हे त्याला विचारूच नका.

आता हे घर बघा, धाब्याचं. दोन-दोन फूट जाड मातीच्या भिंती, उन्हाळ्यात गारेगार, पण वायफायचा जीव तिथेच जातो. राउटरवर दोन नावं दिसतात ना, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५ चं? ५ वाला पळतो जोरात पण भिंतीपुढे लवकर दमतो, २.४ वाला हळू, पण मागच्या खोलीपर्यंत रेटून जातो. आणि मामांना घरातलं वायफाय केळीच्या बागेपलीकडच्या खोलीत पाहिजे! केळीचं पान, खोड सगळं पाण्यानं भरलेलं, आणि पाणी वायफायच्या लहरी पिऊन टाकतं. तिथे सरळ केबल ओढा, साधी लॅनची केबल १०० मीटरपर्यंत चालते.

आयपी ॲड्रेस म्हणजे राउटरनं प्रत्येक मोबाईलला दिलेला नंबर, १९२.१६८.१.५ असा काहीतरी. शेजारच्या घरातही हाच नंबर असू शकतो, भांडण होत नाही. "पारासमोरचं घर" म्हटलं की गावात पुरतं तसंच, प्रत्येक गावाला पार असतोच की. बाहेरच्या जगासाठी मात्र पत्ता वेगळा लागतो, तो कंपनीकडून येतो.

आणि जाहिरातीतला तो १०० एमबीपीएसचा नेटचा वेग! तो मोजतात बिटमध्ये, फाईल मोजतात बाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. फसवणूक नाही, पण जाहिरातीत हे कोणी सांगत पण नाही.

बरं, मामांचं काय? भिंतीवरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा लुकलुकतोय, म्हणजे उजेडच पोचत नाही. मामांनी राउटर सकाळपासून चारदा बंद-चालू केलाय, आणि तिकडे नाल्याजवळ पाइपासाठी खोदकाम चाललंय.