जखमी पिल्लाला सशीण बघेल म्हणून थांबू नका

नमस्कार मंडळी! सशाच्या पिल्लांचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय, "ताई, एक पिल्लू जखमी झालंय, आई बघेल ना त्याच्याकडे?"

नाही बघणार.

पाळलेली सशीण महिनाभर गाभण असते, मग आपण ठेवलेल्या पेटीत गवत आणि स्वतःच्या पोटाचे उपटलेले केस अंथरून त्यात पिल्लं घालते.

मांजर पिल्लाला मानगुटीला धरून उचलते, सशीण उचलत नाही. पेटीबाहेर पडलेलं पिल्लू तिथेच गारठतं. दिवसातून एकदा, फार तर दोनदा ती येते, तीन-चार मिनिटं पाजते आणि निघून जाते. जंगलात शिकाऱ्याला बिळाचा सुगावा लागू नये म्हणून ही सवय. जखम चाटत बसायला ती पेटीत थांबतच नाही. पाजतानाही नुसती उभी राहते. सड पिल्लांनीच वासावरून शोधायचे. जखमी पिल्लू त्या रेटारेटीत मागे पडतं, आणि ती त्याला जवळ ओढत नाही.

एकीने लिहिलं, "कसली ही आई!" असं म्हणू नका हो. नाळ तोडताना तिच्याच दाताने कधी पिल्लाचा कान दुखावतो, तोही मुद्दाम नाही. तिचं आईपण त्या चार मिनिटांत असतं. बाकीचं आपण बघायचं.

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या धायरीच्या एक काकू पिल्लू घेऊन आल्या. मांडीवर मिरीएवढी खपली. "माणसाचा हात लागला तर आई टाकून देते ना, म्हणून हात नाही लावला," म्हणाल्या. फुंकर मारून केस बाजूला केले, तर खाली अळ्या वळवळत होत्या. डॉक्टरांनी एकेक काढली, पिल्लू वाचलं. पाळलेल्या सशिणीला तुमचा वास सवयीचा असतो, त्यापायी ती पिल्लू टाकत नाही. हात धुवा आणि रोज एकेक पिल्लू उचलून बघा. माश्या जखमेवर अंडी घालतात, त्यातून अळ्या होतात, आणि पुण्यात पावसाळ्यात माश्या किती असतात, सांगायला नको.

जखम दिसली की आधी ऊब द्या, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून. गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घालू नका. जखम सलाईनने, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याने पुसा. हळद नको, पावडर नको. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

परत ठेवलंत की पाजून झाल्यावर पोट बघा. टम्म असेल तर ठीक. कातडी सुरकुतली असेल, तर पुढच्या वेळी सशिणीला हळूच धरा आणि त्या एकट्याला आधी पाजा, बाकीची नंतर.