दोष कुपिदोचा

[दृश्य: मेक्सिको शहर, सकाळ. वर्तमानपत्रांचा ठेला. चिमट्यांना लटकवलेले अंक.]

अंक विकत न घेता नुसतं पहिलं पान वाचून पुढे जाणारे इथेही आहेत. त्या पानावर रक्त, प्रेत आणि शेजारी चटकदार कोटी केलेला मथळा. या पत्रकारितेला मेक्सिकोत 'नोता रोखा' म्हणतात. लाल बातमी.

फेब्रुवारी २०२०. एका २५ वर्षांच्या तरुणीला तिच्यासोबत राहणाऱ्या पुरुषानं घरातच मारलं, प्रेताची विटंबना केली. पोलिसांनी त्याला पकडलं. घटनास्थळाचे फोटो मात्र बाहेर फुटले आणि 'पासाला' या टॅब्लॉइडनं ते थेट पहिल्या पानावर छापले. व्हॅलेंटाइन डे तोंडावर आलेला. मथळा होता, 'ला कुल्पा ला तुवो कुपिदो'. दोष कुपिदोचा. आपल्या भाषेत, सगळी मदनाची करणी.

[दृश्य: कोरा फळा. मथळ्यातला एकेक शब्द उमटतो.]

शाळेतल्या व्याकरणाच्या तासासारखं हे वाक्य सोडवू. कर्ता कोण? कुपिदो. मारणारा पुरुष वाक्यात नाही. मेलेली बाईसुद्धा नाही. आहे ते फक्त धनुष्य घेतलेलं एक गुटगुटीत बाळ. त्याला बेड्या कोण घालणार?

'क्रिमेन पासिओनाल', प्रेमाच्या भरातला गुन्हा, हा स्पॅनिश बातम्यांतला जुना शब्दप्रयोग. 'मृतावस्थेत आढळली' हे तर त्याहून सोयीचं, त्याला मारणारा लागतच नाही. (आपल्याकडे 'एकतर्फी प्रेमातून' आणि 'चारित्र्याच्या संशयावरून' कायम हाताशी असतात, तेव्हा नाकं मुरडायला नकोत.) बाई म्हणून केलेल्या हत्येला स्पॅनिशमध्ये वेगळा शब्द आहे, 'फेमिनिसिदिओ'. मेक्सिकोच्या केंद्रीय दंडसंहितेत तो २०१२ पासून गुन्हा म्हणून नोंदलेला. तो शब्द त्या संपादकाला ठाऊक नसेल, हे मला तरी पटत नाही.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर फुलं, डोंगर, समुद्र.]

मग बायकांनी तिच्या नावानं फुलांचे, डोंगरांचे, सूर्यास्तांचे फोटो टाकायला सुरुवात केली. हजारोंनी. तिचं नाव शोधणाऱ्याला ते प्रेत दिसू नये, इतकंच. १४ फेब्रुवारीला मोर्चा निघाला. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाच्या दारावर लाल रंग उडाला, आणि मोर्चा 'ला प्रेन्सा' या वृत्तपत्राच्या कचेरीवरही गेला, कारण फोटो त्यांनीही छापले होते.

२०२१ मध्ये मेक्सिको शहराच्या विधिमंडळानं कायदा केला. तो तिच्याच नावानं ओळखला जातो. असे फोटो फोडणाऱ्या सरकारी माणसाला २ ते ६ वर्षं कैद. मथळा रचणाऱ्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.