पुंगळीची साक्ष

पडद्यावर जवळून दिसणारी ही रिकामी पुंगळी पॉइंट ४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाची आहे. तिच्या बुडावर पेनने ओढलेली काळी रेघ ही अमेरिकेतल्या एका हौशी नेमबाजाची खूण आहे. हे काडतूस कारखान्यातून आलेले नाही; एकदा वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (आघाताने पेटून दारूला आग लावणारी बुडातली छोटी टोपी), तोलून घेतलेली दारू आणि नवी गोळी बसवून ते घरच्या टेबलावर तयार झाले आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत, त्यामुळे हा छंद मराठी प्रेक्षकाच्या परिचयाचा नसणार. अमेरिकेत मात्र तो जुना आणि सर्वदूर पसरलेला आहे, आणि दारूच्या नव्या मापाची काडतुसे तपासताना तिथला नेमबाज निशाणाच्या कागदाइतकेच लक्ष जमिनीवर पडलेल्या पितळाकडे देतो.

पितळ बोलते ते त्याच्या गुणधर्मामुळे. काडतुसाच्या पितळात सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. चाप ओढल्यावर दारू पेटते, पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीमागच्या काडतूस बसण्याच्या जागेच्या, भिंतीला घट्ट बसते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आकसते, म्हणूनच सहज बाहेर फेकली जाते. दाब फारच कमी असेल तर पुंगळी पुरेशी फुगत नाही, वायू तिच्या बाजूने मागे सरकतो आणि तोंडापासून खालपर्यंत काजळीचे ओघळ उमटतात. अशी काळवंडलेली पुंगळी बहुधा माप हलके असल्याचे सांगते.

जास्त दाबाच्या खुणा बुडाशी शोधायच्या असतात. नव्या प्रायमरची कड थोडी गोलसर असते. दाब वाढला की ती चपटी होऊन प्रायमर ज्यात बसतो त्या खोबणीच्या काठापर्यंत पसरते, प्रायमरवर ठोका देणाऱ्या फायरिंग पिनच्या खळग्याभोवती कंगोरा उभा राहतो, आणि अतिरेक झाला तर प्रायमरला भोक पडते. एक खूण मात्र डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते: पुढच्या खेपेला नवा प्रायमर दाबताना तो विनासायास आत गेला, तर खोबण सैल झाली आहे आणि ती पुंगळी भंगारात टाकायची. तोंडाशी गेलेली उभी चीर त्या मानाने किरकोळ. वारंवार वापराने पितळ कडक होऊन तडकते, त्यात दारूच्या मापाचा दोष असेलच असे नाही.

येथपर्यंत सगळे सोपे वाटते, पण याच खुणा फसवतातही. पॉइंट ३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये अगदी हलक्या मापाच्या काडतुसाचा प्रायमर बुडाबाहेर डोकावताना दिसतो, कारण त्याला पुन्हा आत बसवण्याइतक्या जोराने पुंगळी मागे सरकलेलीच नसते. चेंबरमध्ये काडतूस सैल असेल, तर मध्यम मापातही प्रायमर आधी बाहेर येतो आणि मग मागे आदळलेली पुंगळी त्याला ठेचून चपटे करते. अनेक पिस्तुलांत गोळी सुटल्यावर नळीचा मागचा भाग खाली झुकतो, आणि तेवढ्यात पिन पूर्ण मागे गेलेली नसली तर खळग्याला शेपटासारखी ओढ येते. नवशिक्याला ती धोक्याची खूण वाटते, प्रत्यक्षात तो त्या पिस्तुलाचा स्वभाव असतो. म्हणून जाणकार त्याच पिस्तुलातून उडवलेली कारखान्याच्या काडतुसाची पुंगळी शेजारी ठेवतो आणि भिंगाखाली दोन्ही एकत्र पाहतो. तुलना एकाच छापाच्या पुंगळ्यांची हवी, कारण कंपनीगणिक पितळाची जाडी आणि कडकपणा बदलतो.

सगळ्यात मोठी फसगत पितळाच्या मौनात आहे. अमेरिकेतील सामी ही संस्था प्रत्येक काडतुसासाठी दाबाची कमाल मर्यादा ठरवते: पॉइंट ४५ एसीपीसाठी प्रति चौरस इंच २१,००० पौंड, ९ मिलिमीटर लुगरसाठी ३५,०००, तर पॉइंट ३०-०६ या रायफलीच्या काडतुसासाठी ६०,०००. चपट्या प्रायमरवरून दाब ओळखण्याची सवय आली ती रायफलवाल्यांकडून. पॉइंट ४५ मध्ये प्रायमर तसा चपटा दिसेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असू शकते, त्यामुळे गोल कडेचा प्रायमर हा काही निर्धोकपणाचा दाखला ठरत नाही. म्हणूनच छापील भरणपुस्तिकेतल्या किमान मापापासून सुरुवात करायची, थोडे थोडे वाढवत जायचे, वेगमापकावर गोळीचा वेग पाहायचा, आणि वेग पुस्तिकेतल्या आकड्यापुढे गेला तर पितळ कितीही निर्मळ दिसत असले तरी तिथेच थांबायचे.

दुहेरी मापाची, म्हणजे एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडण्याची, गोष्ट याहून वाईट. पॉइंट ३८ स्पेशलची पुंगळी काळ्या दारूच्या जमान्यातली, म्हणून ऐसपैस. झटपट जळणाऱ्या आधुनिक दारूची दोन मापे पडली तरी ती उतू जात नाही. हा दोष उडवल्यानंतर पुंगळीवर शोधण्यात अर्थ नसतो. गोळी बसवण्यापूर्वी लाकडी ठोकळ्यातल्या सगळ्या पुंगळ्यांवर बॅटरीचा झोत टाकून दारूची पातळी सारखी आहे ना, हे पाहायचे असते.

आणि कधी दारूच पडलेली नसते. मग आवाज नेहमीचा येत नाही, फुसका येतो. एकट्या प्रायमरच्या धक्क्याने गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते. पुढचे काडतूस त्यामागून उडवले तर नळी फुगते किंवा फुटते. अशा वेळी हा नेमबाज जमिनीवरची पुंगळी उचलायला वाकत नाही. तो पिस्तुलाचे तोंड निशाणाकडेच रोखून थांबतो, मॅगझिन काढतो, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबर रिकामे करतो, आणि नळी सुटी करून प्रकाशासमोर धरतो. पलीकडचा उजेड दिसला नाही, तर त्या दिवसाची चाचणी तिथेच संपते.