डब्यातलं ठाणं

(दृश्य: पूर्ण काळोख. कुजबुज. टेप फाडल्याचा आवाज.)

ठाण्यात, तलावपाळीजवळच्या एका शाळेचा तिसरा मजला. नववीच्या मुलांनी फोटोच्या प्रकल्पासाठी आपला वर्ग बंद करून घेतलाय. खिडक्यांना काळा कार्डपेपर, कडांना खाकी टेप, दाराच्या फटीत कुणाचा तरी पीटीचा टी-शर्ट. एका कागदाला मात्र रुपयाच्या नाण्याएवढं भोक.

पहिली पाच मिनिटं काही म्हणजे काही दिसत नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी भुताचा आवाज काढतं, बाई दटावतात. मग हळूहळू डोळे सरावतात, आणि समोरच्या भिंतीवर मासुंदा तलाव उमटतो. उलटा. आकाश फरशीला टेकलेलं, पाणी फळ्याच्या वर, आणि त्याच्याही वर, पार पंख्यापाशी, चाकं आढ्याला लावून रिक्षा चालल्यात. स्टेशनकडे निघालेली रिक्षा भिंतीवर बरोब्बर उलट्या दिशेला पळते.

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे वाक्य या मुलांनी परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहिलेलं आहे. वरून निघालेला किरण भोकातून खाली उतरतो, खालचा वर चढतो. बास, एवढंच. पण आज त्या वाक्यातून टीएमटीची बस गेली.

(दृश्य: सकाळची खाडी. चिखलात रुतलेली होडी.)

चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मुलानं साधा मोबाइल घेतला. रोज सकाळी सातला, खाडीकाठच्या त्याच दगडाचा, तिथूनच एक फोटो. दुसरा काढायचा नाही, पहिला पुसायचा नाही. सुरुवात अमावस्येला झाली. दगडाभोवती नुसता चिखल. आठवडाभरानं, अष्टमीच्या सुमाराला, दगड पाण्यात. त्याला वाटलं, आपलीच वेळ चुकतेय. आजी हसली. म्हणाली, "पानी काय तुझ्या घड्यालावर चालतं?"

भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. आठवड्यात सहा तासांचा फरक पडला, की सातच्या ओहोटीच्या जागी सातची भरती. पौर्णिमेला पुन्हा तोच चिखल. पंधरा फोटो ओळीनं भिंतीवर लावले, तेव्हा खाडी श्वास घेताना दिसली. पण हे भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं पाणी. खरं उधाण इथं अमावस्या-पौर्णिमेला भर दुपारी येतं, आणि तेव्हा पोरगा वर्गात बसलेला.

ही युक्ती जुनीच. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाणा पेरून त्याच्या रोपाची वाढ अशीच थोडी थोडी कॅमेऱ्यात धरली होती. 'राजा हरिश्चंद्र' त्याच्यानंतरचा.

(दृश्य: गच्ची. काचेखाली पानं.)

गच्चीवर निळी छपाई चालू आहे. दोन रसायनं मिसळून कागदाला लावायची, वर पान ठेवायचं, उन्हात ठेवून पाण्यात धुवायचं. सायनोटाइप. जॉन हर्शेलनं १८४२ साली शोधलेली रीत, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सनं त्याच रीतीनं समुद्री शेवाळाचे ठसे काढायला घेतले. आमच्या मुलांनी खाडीकाठी गळून पडलेली तिवराची पानं आणली. तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकतं. एका मुलीनं पान चाटून खात्री करून घेतली. प्रकल्पवहीत हे नाही.

(दृश्य: लाल उजेड. ट्रेमध्ये हलणारा कागद.)

आता डबे. मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं काम हेच. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आतून काळा रंगवायचा. कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा कापून त्याला सुईच्या टोकानं भोक पाडायचं आणि पॉलिश पेपरनं घासून कडा साफ करायच्या. आत कृष्णधवल फोटोचा कागद, भोकावर काळी टेप. झाला कॅमेरा. या कागदाला लाल उजेड जवळजवळ दिसतच नाही, म्हणून प्रयोगशाळेत देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब लागला.

पहिल्या दिवशी सगळे कागद काळेठिक्कर. झाकणातून उजेड शिरला होता. दुसऱ्या दिवशी झाकणं टेपनं बांधली, सगळं जमत आलं, आणि ऐन वेळी हे सगळं चित्रित करणाऱ्या आमच्याच कॅमेरामनचा फोन वाजला. स्क्रीन उजळली, चार कागद गेले. मुलं काही बोलली नाहीत. बाई बोलल्या.

(दृश्य: जांभळी नाका. गर्दी, हॉर्न, झेंडूचे ढीग.)

तिसऱ्या दिवशी डबे घेऊन जांभळी नाक्यावर. सकाळचे अकरा. पाय ठेवायला जागा नाही. डबा एका ओट्यावर ठेवला, टेप काढली. भोक एवढं बारीक, की कडक उन्हातसुद्धा मिनिटभर उघडं ठेवावं लागतं. मुलं मोठ्यानं आकडे मोजतायत, येणारेजाणारे विचारतायत, "काय, बॉम्ब आहे का?" साठ. टेप बंद.

शाळेत येऊन कागद धुतला. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. त्यावर दुसरा कागद ठेवून सुलटं चित्र काढलं, आणि सगळे गप्प.

नाका रिकामा होता.

दुकानं आहेत, पाट्या आहेत, विजेच्या तारा आहेत. माणूस एकही नाही. मिनिटभरात शेकडो माणसं समोरून गेली, पण कुणीच कागदावर उमटण्याइतकं थांबलं नाही. "सर, लॉकडाऊन!" एक जण ओरडला.

मग एकीनं कोपऱ्यात बोट ठेवलं. झेंडूच्या ढिगामागे, छत्रीखाली, हार ओवत बसलेल्या मावशी. त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मुलांनी तो फोटो त्यांना नेऊन दिला. मावशींनी पदराला हात पुसले, फोटो उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला. पदर ओळखला. नाक ओळखलं. मग मांडीकडे बघितलं. तिथं नुसता धूर.

"अगं," त्या म्हणाल्या, "माझे हात कुठं गेले?"

(दृश्य: सुई, दोरा, झेंडू. हात चालूच.)